एकशे ऐंशी नव्हे, ऐंशी

मी राळेची चकती बोलतेय. हो, तीच, ताईंच्या टेबलावर कागद दाबून बसलेली पिवळट चकती. हसू नका, एके काळी ताईंची चार वर्षांची मेहनत माझ्यावर टांगलेली होती!

जन्मतः मी मधासारखी पातळ. ताई प्रयोगशाळेत माझ्यात रेणूंच्या लांबलचक साखळ्या कालवत. प्रत्येक साखळीचा अर्धा भाग माझ्याशी गोडीगुलाबीनं राहणारा, उरलेला माझं तोंडही न बघणारा. भट्टीत मी घट्ट होऊ लागले की हे रुसलेले भाग एकमेकांना बिलगून गोळे करत. केसाच्या जाडीत हजारो मावतील इतके ते बारीक राहिले, तर उजेडालाही त्यांचा पत्ता लागत नाही. चकती काचेसारखी स्वच्छ आणि चिवट होते. गोळे फुगले, तर दुधाळ आणि ठिसूळ. माझ्या आधीच्या एकतीस बहिणी दुधाळच निघाल्या.

परीक्षा घ्यायचे भट्टी सांभाळणारे काका. चकती पेपरवर ठेवायची, खालची बातमी वाचता आली तर पास. "नापास हो, ताई," म्हणताना त्यांचाच चेहरा पडायचा.

शेवटी ताईंचं संशोधन बघणाऱ्या सरांनी बजावलं, "सोमवारी जमलं नाही, तर विषय बंद." शनिवारी मला भट्टीत ठेवून ताई निघता निघता दारातून ओरडल्या, "काका, एकशे ऐंशी!" काकांचा डावा कान नुसता नावाला. त्यांनी भट्टीवर लावलं ऐंशी अंश.

सोमवारी भट्टीवरचा आकडा पाहून ताई मटकन खालीच बसल्या. "काका, काय करून ठेवलंत हे!"

काका गोरेमोरे झाले. पण त्या मंद उबेत गोळ्यांना हलून एकत्र यायला बळच मिळालं नव्हतं; मी सावकाश घट्ट झाले होते आणि ते बारीक असतानाच जागच्या जागी अडकले होते. काकांनी मला पेपरवर ठेवलं आणि वाचू लागले, "हरवले आहे... करड्या रंगाचे मांजर... अहो ताई, पास!" ताई रडता रडता हसत सुटल्या. काय दिवस होता तो!

काल काका आले, काठी टेकत. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली. बोटांनी चाचपून त्यांनी मला ओळखलं, स्वतःच पेपर पसरला, मला वर ठेवलं आणि वाकले.

पेपर उलटा होता.

"हरवले आहे," काका ठणठणीत आवाजात वाचू लागले, "करड्या रंगाचे मांजर..."

ताईंनी पदर डोळ्यांना लावला. "पास ना हो, काका?"

"पास म्हणजे काय! अगदी स्वच्छ दिसतंय."

मी किती पिवळी पडलेय, ते मला ठाऊक आहे. पण टेबल आवराल तेव्हा मला टाकू नका हो. काका पुन्हा येणार आहेत.