खाली

"म्या सगळं सांगितलंय साहेबाला. जसं घडलं तसं. तू निवांत पड, लिंबा."

सदतीस वर्षांपूर्वीचा आवाज, सिद्रामचा. उजव्या कानाशी आलेला, कारण डावा कान तेव्हा पट्ट्यांत होता आणि पुढं पट्ट्या निघाल्या तरी तो काही उघडला नाही — आणि आवाजाबरोबर ओल्या वर्दीचा वास, खोबरेलाचा वास, त्या लंकेत माणसांपासून मातीपर्यंत सगळ्यालाच खोबऱ्याचा वास यायचा... लिंबाजीच्या अंगठ्याचं नख कागदांच्या टाचणीवरून फिरत होतं. कागद नवे, झेरॉक्सची काळी कड अजून ताजी, टाचणी मात्र गंजलेली. कुठल्या तरी जुन्या फायलीतून उपसून कारकुनानं पुन्हा खुपसली असेल. नखाला तांबूस भुकटी लागायची, ती विजारीला पुसायची आणि नख पुन्हा तिथंच. माकणीहून सुटलेली बस लोहाऱ्याच्या वाटेला लागली होती, दोन्ही अंगांना पौषातली ज्वारी उभी होती, कणसं भरून वाकायला आलेली, आणि त्याचं एकाही ताटाकडं लक्ष नव्हतं.

जसं घडलं तसं... या बोलण्याला तो इतकी वर्षं पाठ टेकून बसला होता. फौजेतून निवृत्त होताना डिस्चार्ज बुक हातात आलं, पदकांच्या रकान्यात तीन नावं होती, पाच असायला हवी होती. परदेशातल्या, लंकेत गेलेल्या शांतिसेनेतल्या सेवेचं होतं. जखमी झाल्याचं नव्हतं. आणि वॉर्डात उशाशी उभं राहून मोठ्या साहेबानं स्वतः सांगितलं होतं की बहादुरीसाठी तुझं नाव वर पाठवतोय, त्याचा तर मागमूस नव्हता. तेव्हा त्यानं मनाला समजावलं — कागद आहे, चुकला असेल. कागदाला काय कळतंय. माणसानं तर सगळं सांगितलंय.

तीन वर्षांपूर्वी सुनेनं मनावर घेतलं. अक्षदा शाळेत शिकवते, अर्ज लिहिण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नाही. 'सेवानोंदीत दुरुस्ती होऊन राहिलेली पदके मिळणेबाबत' अशी पत्रांवर पत्रं तिनं धाडली आणि गेल्या महिन्यात जाड लिफाफा आला. त्या वेळच्या चौकशीतल्या जबानीची नक्कल, आणि सोबत दोन ओळी : साक्षीदारानं शपथेवर दुरुस्ती कळवली तरच फेरविचार होईल. अक्षदा इंग्रजी वाचत होती, मराठीत सांगत होती, आणि एका ओळीवर अडली.

"काय झालं?"

"काही नाही मामा. अक्षर जरा पुसट आहे."

"टाइपाचं अक्षर कुठं पुसट असतंय? वाच."

"'स्फोटाच्या वेळी शिपाई लिंबाजी हे रस्त्याखालच्या मोरीजवळ...' इथं 'आयडल' लिहिलंय. म्हणजे रिकामे. काही न करता, नुसतेच..." पुढचं तिनं गिळलं. कामावर नसताना, स्वतःच्या हलगर्जीनं झालेली इजा, असं पुढं होतं. ते तिनं संध्याकाळी सांगितलं, भाकरी थापताना, त्याच्याकडं न बघता.

सही मराठीत होती. सि-ची वेलांटी पार पुढच्या अक्षराच्या डोक्यावरून ओढून नेलेली. तशी वेलांटी उभ्या पलटणीत एकच माणूस काढायचा — अणदूरचा सिद्रामप्पा.

रिकामा. मी रिकामा बसलो होतो... पहाटे मोरीच्या तोंडाशी माती उकरलेली दिसली ती कुणाला? मलाच ना. पोटावर सरकत आत गेलो तो मी, वरून ताफा यायचा होता, सिद्राम वर रस्त्यावर नुसता बघत उभा, मी आतून ओरडलो गाड्या थांबवा, आणि सुरुंगाची एक वायर तोडली, दुसरी बोटाला लागली लागली म्हणेपर्यंत... दोन ट्रकभर माणसं आपापल्या गावी परत गेली. त्यांची लग्नं झाली, वास्तुशांती झाल्या, नातवंडांची जावळं निघाली. आणि मी म्हणे रिकामा.

आई जात्यावर डाळ भरडताना ओव्या म्हणायची. तिचा, म्हाळसाबाईचा गळा सगळ्या आळीला ठाऊक होता, आणि लेक समुद्रापार गेला त्या वर्षी तिनं नवीच ओवी बांधली होती :

*समिंदराच्या पल्याड गं, बाळ माझं पहाऱ्याला*
*संगं त्याच्या सिद्राम गं, जसा भाऊ आधाराला*

सिद्रामला तिनं बघितलं होतं एकदाच, सुट्टीवर येताना तो दोन दिवस माकणीत राहिला होता; तेवढ्यावर तिनं त्याला ओवीत जागा दिली. शेतात, घरात जागा दिलेल्या माणसाला उठवता येतं. ओवीतून कसं उठवणार? आई जाऊन अठरा वर्षं झाली आणि गेल्या वीस दिवसांत तीच ओवी दातात खडा यावा तशी येत होती. अणदूरहून दर रविवारी फोन यायचा. तीन रविवार त्यानं वाजू दिला. चौथा उजाडायच्या आत तो बसमध्ये बसला होता, हातात तो कागद घेऊन, आणि ठरवून — बोलायचं नाही, बसायचं नाही, पाणी प्यायचं नाही. कागद त्याच्या पुढ्यात टाकायचा, तोंड बघायचं आणि माघारी फिरायचं.

बस कुठल्याशा फाट्यावर थांबली. बोअरच्या गाडीवर काम करणारा एक परप्रांती माणूस चढला, सगळं अंग दगडाच्या पांढऱ्या भुकटीनं माखलेलं. पुढच्या बाकावर एक म्हातारी एकटीच ऐसपैस बसली होती. त्यानं अदबीनं विचारलं, "अम्मा, ये खाली है क्या?"

म्हातारीनं पाय वर घेतले, वाकून बाकाखाली बघितलं. "खाली काय न्हाय रं बाबा. माझी पिशवी हाय. बिबवं हायती."

बस हसली. कंडक्टर म्हणाला, "आजी, त्यो जागा इचारतोय, खाली म्हणजे रिकामी."

"मग रिकामी म्हणावं की. उगं म्हातारीला वाकाया लावतो."

लिंबाजीचं नख टाचणीवर थांबलं.

खाली म्हणजे रिकामी... 'वो खाली था साब.' सिद्राम असंच बोलला असणार. घाबरलेला, दोन रात्री न झोपलेला, अणदूरच्या मराठीतून आणि घरच्या कानडीतून चाचपडत हिंदी काढणारा सिद्राम — त्याला म्हणायचं होतं, लिंबाजी खाली होता, मोरीत, खाली उतरला होता. आणि टाइपाच्या मशीनवर बसलेल्या कुणा उत्तरेकडच्या बाबूनं ऐकलं, खाली होता. रिकामा होता. त्यानं ऐकलं ते छापलं. एवढंच. एवढंच होतं! छातीवरची घोंगडी कुणी ओढून काढावी तसा वारा लागला त्याला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बोअरवाल्याला दिसू नये म्हणून तो खिडकीकडं वळला तर ज्वारी दिसली. किती दाणा धरला होता यंदा.

वीस दिवस मी त्याला काय काय म्हणालो मनात... आई, तुझी ओवी खरी गं.

लोहाऱ्यात बस बदलायची होती. तो तडक तहसिलीकडं गेला. झाडाखाली टेबल टाकून बंडप्पा अर्ज टाइप करून देतो, त्याच्यासमोर बसून त्यानं सिद्रामप्पाच्या नावानं प्रतिज्ञापत्र सांगायला घेतलं. दोन ओळींत बंडप्पाचे हात थांबले.

"'मी खाली म्हणालो त्याचा अर्थ खाली असा होता.' काका, हे वाचणारा मला येडा म्हणंल."

"मग पुढं कंसात 'नीचे' टाक."

"टाकलं. आन त्यांनी लिहिलं ते खाली?"

"ते रिकामं."

"म्हणजे एक खाली खाली, आन एक खाली रिकामं."

"व्हय."

"एवढ्यासाठी तुमी माकणीहून आलाव?"

लिंबाजी हसला. कितीतरी दिवसांनी हसला, आणि शेवटचं वाक्य त्यानं स्वतःच जुळवलं : 'भाषेच्या फरकामुळे झालेली ही चूक त्या वेळी माझ्या लक्षात आली नाही.' चांगलं झालं होतं वाक्य. अक्षदालाही आवडलं असतं.

अणदुरात दुपार सुनी होती. खंडोबा पौषात मैलारपूरला मुक्कामाला जातो, देव दोन गावांत वाटून राहतो, आणि तो गेला की इथं चहाच्या टपऱ्यासुद्धा पेंगायला लागतात. सिद्रामप्पा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. सैल झालेली मान, जाड भिंगं. बघितल्याबरोबर सूप सारून उठला, "बारो लिंबा, बारो," ये रे, ये, असं घरच्या कानडीत म्हणाला, आणि न सांगता लिंबाजीच्या उजव्या अंगाला येऊन बसला. सदतीस वर्षं तो त्याच अंगाला बसत आला होता.

"देव गावात असताना यायचं सोडून आता आलास."

"देवाकडं कोण आलंय? तुझ्याकडं आलोय."

कस्तुराबाई पाणी घेऊन आली. सिद्रामप्पाची बायको, जिभेला तिखट. "भावजी, तीन रविवार फोन उचलला न्हाय तुमी. हे मला इचारतेत, माझं काय चुकलं का गं? म्या म्हणलं, चुकायला तुमी जल्मात काय केलंय तरी का?"

लिंबाजी पाणी प्याला. मग सांगितलं — लिफाफा, सून, ती ओळ, आपल्या डोक्यात काय काय आलं तेही, आणि मग म्हातारी, बिबवं, बाकाखालची पिशवी. कस्तुराबाई तोंडाला पदर लावून हसली. सिद्रामप्पा हसला नाही. त्यानं प्रतिज्ञापत्र घेतलं, एकेका ओळीखाली बोट सरकवत वाचलं, पुन्हा पहिल्या ओळीवर गेला, पुन्हा वाचलं. लिंबाजीनं पेनचं टोपण काढून ठेवलं होतं.

"चहा टाक," सिद्रामप्पा बायकोला म्हणाला. ती आत जाईपर्यंत थांबला.

"हितं लिहिलंय, चूक माझ्या लक्षात आली न्हाय."

"कशी येणार? तो इंग्रजीत छापत होता."

"लिंबा... त्यानं मला इचारलं होतं."

आत स्टोव्हला हवा मारल्याचा आवाज येत होता.

"छापायच्या आधी. मशीन थांबवून बघितलं माझ्याकडं. 'खाली मतलब? कुछ कर नहीं रहा था?' असं. साफ इचारलं."

"मग?"

"मान हलवली."

लिंबाजी घाईनं म्हणाला, "कशी? आपली मान रे, आडवी हलवली का उभी, त्या उत्तरेकडच्या माणसाला काय कळतंय. तू आडवी हलवली असशील, त्याला वाटलं असंल —"

"उभी," सिद्रामप्पा म्हणाला. "दोनदा."

तुरीचा एक दाणा सुपाच्या कडेला अडकला होता. लिंबाजी त्याच्याकडं बघत राहिला आणि त्याला पहिल्यांदा जो राग आला तो सदतीस वर्षांपूर्वीच्या मानेचा नव्हताच, तो आत्ताच्या या तोंडाचा होता — कशाला बोललास? सही करायची होती, एक रेघ, तुझी ती लांबलचक वेलांटी, आणि दोघंही सुटलो असतो. कागद दुरुस्त झाला असता, नोंद झाली असती, दर रविवारी फोन आला असता. मी इतक्या लांबून तुझ्यासाठी चूक शोधून आणली, टाइप करून आणली, आणि तुला ती नको. कागद बिचारा चुकलाच नव्हता. इतकी वर्षं मी त्याला दोष देत होतो... आणि दवाखान्यात येऊन कानाशी बोलला तेव्हा ह्याची मान नुकतीच हलून झाली असणार, एखादा दिवस मध्ये गेला असेल फार तर.

"नीचे शब्द येत होता की तुला," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला. "रोज म्हणायचास."

"येत होता."

"मग?"

सिद्रामप्पानं भिंगं काढली. त्यांच्याशिवाय त्याचा चेहरा उघडा पडल्यासारखा दिसायचा, डोळ्यांखालच्या पिशव्या, नाकावर दोन खड्डे. त्यानं प्रतिज्ञापत्र घडी न घालता दोघांच्या मध्ये ओट्यावर ठेवलं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर तळहात ठेवला.

"दोन दिवस तंबूत जो येई तो म्हणे, लिंबाजीनं असं केलं, लिंबाजीनं तसं केलं. खरंच केलं होतंस, मी कुठं नाही म्हणतो. पण तू मोरीत होतास, लिंबा. तुझ्या डोक्यावर दगड होता, सिमेंट होतं. मी वर होतो. उघड्यावर. तू आत गेल्यापासून स्फोट होईपर्यंत त्या माडांच्या रानाकडं तोंड करून, तुझ्या पाठीवर कुणी येऊ नये म्हणून. माझी चड्डी ओली झाली होती, सांगतो तुला, तरी हललो न्हाय. आन मला एकानं बी इचारलं न्हाय, की वर कोण होतं."

लिंबाजी आठवू लागला. ती सकाळ त्यानं हजारदा पाहिली होती, मातीचा रंग पाहिला होता, वायरीचा रंग, मोरीत साचलेल्या पाण्यावरचा तेलाचा तवंग... वर, रस्त्यावर, सिद्राम कुठल्या बाजूला उभा होता, तोंड कुणीकडं होतं, हातात काय होतं, हे मात्र काही केल्या त्याला दिसेना. राग होता, जागचा हलला नव्हता. फक्त तो घेऊन उठावं कसं, हे आता त्याला कळत नव्हतं.

"मी पण नाही विचारलं," तो म्हणाला.