ताटीवागूचा डप्पू

“शी! कितीही पुसा, ह्या कातड्याचा वास काही जात नाही!” शैलजा माझ्या तोंडाशी येऊन पुटपुटली आणि फडकं झटकत निघून गेली.

मित्रांनो, मी एक जुना डप्पू आहे. तुमच्या हलगीचा थोराड भाऊ म्हणा. चार वर्षं झाली, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या टाउनहाउसात टीव्हीच्या वर खिळ्याला लटकतो आहे.

माझं गाव ताटीवागू. महाराष्ट्राच्या अगदी टोकाचं, गोदावरीकाठचं. सातबारा मराठीत, भांडणं तेलुगूत. तिथे वेशीबाहेरच्या वस्तीतल्या लस्मय्यानं लाकडाच्या कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणलं आणि मी जन्मलो. पूर आला, वाघ आला, शाळा आली, पहिली एसटी आली. लस्मय्यानं मला बडवलं की मगच ते गावाला खरं वाटायचं. वरातीत मी पुढे, मयतीतही मीच पुढे. पाटलांच्या ओट्यापाशी मात्र आम्ही दोघं खाली उभे.

मग बँडवाले आले. लस्मय्या थकला, गेला. गावच्या दवंडीचा, म्हणून मी पाटलांच्या ताब्यात गेलो आणि त्यांच्या माळ्यावर पडलो. २००३ साली पाटलांचा नातू अरुण, म्हणजे शैलजाचा नवरा, मला साड्यांत गुंडाळून इकडे घेऊन आला. पाहुणे म्हणत, “वॉव, किती एथनिक!” कौतुक भरपूर झालं, हात कुणी लावला नाही. मित्रांनो, जुनी वस्तू भिंतीवर जरूर लावा, पण ती कुणाच्या हातची होती, एवढं विचारत चला.

त्या पाहुण्यांत प्रल्हाद असायचा. मोठा इंजिनियर. “मी नागपूर साइडचा,” एवढंच सांगायचा आणि माझ्याकडे पाठ करून बसायचा. मी त्याला ओळखलं होतं. लस्मय्याचा मुलगा तो. बापाच्या मांडीवर बसून माझ्यावर हात बसवलेला. अरुणला ठाऊक होतं, त्याच्या आईला, अहिल्याकाकूंनाही. विषय कुणीच काढत नसे.

२००७ च्या बतुकम्माला, म्हणजे आमच्याकडच्या बायकांच्या फुलांच्या सणाला, मात्र गंमत झाली. बॅकयार्डात झेंडूच्या फुलांचा उंच मनोरा, तोच बतुकम्मा, रचलेला, बायका फेर धरायला उभ्या. अरुणनं हौसेनं मला उतरवून थाप मारली. थप्प! खोक्यावर मारावी तशी. धुक्यानं कातडं पार सैल पडलेलं.

“हेअर ड्रायर आणू?” अरुण म्हणाला.

“त्यापेक्षा ओव्हनमध्ये टाकू या. दहा मिनिटं!” शैलजा म्हणाली.

“अरे, तडकेल तो!” प्रल्हाद ओरडला आणि स्वतःच दचकला. क्षणभर घुटमळला. मग इस्त्रीच्या बाह्या सरसावून त्यानं मला बार्बेक्यूच्या निखाऱ्यांवर धरलं. फिरवत राहिला, बोटानं टिचकी मारत राहिला. कातडं ताणलं गेलं. मला पुन्हा आवाज फुटला!

डाव्या हातात चॉपस्टिक, उजव्यात लाकडी चमचा. प्रल्हाद वाजवू लागला आणि अख्खी गल्ली दणाणली. बायकांचा फेर वेगानं फिरू लागला, शेजारचे गोरे आजोबा कुंपणावरून टाळ्या पिटू लागले. वाससुद्धा विसरून शैलजा माझ्या अगदी जवळ नाचत होती.

“यार प्रल्हाद, काय भारी!” पुण्याची दीपा धापा टाकत म्हणाली. “क्लास लावला होतास का?”

अहिल्याकाकू पदर सारखा करू लागल्या. अरुण घाईनं म्हणाला, “अगं, आमच्याकडे सगळ्यांनाच येतं थोडंफार.”

“सगळ्यांना नाही, अरुण.” प्रल्हादनं मला छातीशी धरलं. त्याचा आवाज मोकळा, खणखणीत होता. “तुम्ही ओट्यावरून ऐकायचात. खाली उभं राहून वाजवायचो ते आम्ही. दीपा, हा डप्पू लस्मय्यानं बनवला. तो माझा बाप.”