साडेचारचा सेट

राजमतीबाई मगदूम बासष्ट वर्षांच्या झाल्या तरी सांगलीहून साताऱ्याला, लेकीकडं, स्वतःच गाडी चालवत जायच्या. गाडी नवऱ्यानं, शांतिनाथांनी, हौसेनं घेतलेली जुनी काँटेसा. ऐसपैस, देखणी, पण अंगानं जड. एकदा वेगात आली की छान जायची. वेगात यायलाच तिला फार वेळ लागायचा. शांतिनाथ गेल्यावर मुलानं, भरतेशनं, दोनदा ती विकायचं काढलं. बाई म्हणाल्या, “विकायची नाही. सुधारायची.”

त्यासाठी त्या गेल्या गुंडाभाऊंकडं. माधवनगर रस्त्यावरचं त्यांचं गॅरेज शांतिनाथांच्या वेळेपासूनचं. दुसरे मेकॅनिक बाईंच्या प्रश्नाला भरतेशकडं बघून उत्तर द्यायचे. गुंडाभाऊ तसे नव्हते. ते बॉनेट उघडून विचारायचे, “वहिनी, आवाज कुठनं येतोय वाटतंय?” आणि त्या सांगतील तिथं कान लावायचे. नवऱ्याच्या मागं बाईंशी गाडीबद्दल मन लावून बोलणारा तेवढा एकच माणूस उरला होता.

इंजिनाला हात लावायचा नाही, हे दोघांचं ठरलं. बदलायचा तो डिफरन्शिअल. मागच्या चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, त्यातले क्राऊन आणि पिनियन. त्यांच्या दातांवर ठरतं, इंजिनाकडून येणारा दांडा किती वेळा फिरला की चाक एकदा फिरणार.

“आत्ता चारच्या जरा खाली हाय,” गुंडाभाऊ म्हणाले. “पाचचा बसवू या का? गाडी उडी मारंल बघा.”

“आणि हायवेला? ऐंशीवर इंजिन बोंबलत बसेल. पेट्रोल पिईल ते वेगळंच.”

“मग साडेचार?”

“साडेचार. ओढही मिळेल आणि लांबच्या रस्त्याला कानही किटणार नाहीत.”

“व्हय, त्येच बरोबर,” असं म्हणून गुंडाभाऊंनी दोघांसाठी चहा सांगितला. कराडच्या जुन्या स्पेअरवाल्याकडं जाऊन बाईंनी क्राऊन-पिनियनचा सेट स्वतः निवडला. प्रत्येक दातावरून बोट फिरवून झीज पाहिली. तो मांडीवर ठेवून घरी आणावा असं त्यांना वाटत होतं, इतका आनंद झाला होता.

आठवड्याभरानं गाडी मिळाली. चालवली, आणि बाईंना काही समजेना. गाडी उचलतच नव्हती. चढाला तर आधीपेक्षा दमत होती.

“दात नवीन बसल्यात वहिनी. अंगवळणी पडू द्या,” गुंडाभाऊ म्हणाले. बोलताना ते स्टेपनीचा नट आवळत होते.

बाईंनी ते खरं मानलं. गुंडाभाऊंचं म्हणणं खोटं धरायची त्यांना सवयच नव्हती.

पुढच्या खेपेला साताऱ्याला निघाल्या. आष्ट्याच्या पुढं दोन ट्रॉल्या ऊस ओढणारा ट्रॅक्टर लागला. समोरचा रस्ता लांबवर मोकळा होता. साडेचारच्या हिशोबानं गाडी सहज पुढं निघायला हवी होती. बाईंनी गिअर उतरवला, पाय दाबला आणि गाडी बाहेर काढली. पहिली ट्रॉली मागं पडली. दुसरी पडेना. गाडी ट्रॉलीला चिकटल्यासारखी जात राहिली आणि समोरून ट्रक आला. मागं यायला वेळ नव्हता, पुढं जायला जोर नव्हता. ट्रकवाल्यानं चाकं कच्च्यात घातली म्हणून निभावलं. जाताना तो काय ओरडला ते बाईंना ऐकू आलं नाही. पुढं एका रसवंतीपाशी गाडी थांबवून त्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिल्या.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की इंजिन सगळा वेळ शांत होतं. आधीपेक्षाही शांत. साडेचारच्या सेटनं आवाज वाढायला हवा होता.

साताऱ्यात लेकीच्या, प्रीतीच्या, अंगणात त्यांनी पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रलला टाकली, हँडब्रेक सोडला आणि मागचं एक चाक जॅकवर उचललं. चटई टाकून खाली वाकल्या आणि दांड्यावर खडूनं रेघ ओढली.

“चाक दोनदा पूर्ण फिरव. सावकाश,” त्यांनी लेकीला सांगितलं. एक चाक जमिनीवर असलं की दुसरं दोनदा फिरवावं लागतं, मग दांड्याचा खरा आकडा मिळतो.

प्रीतीनं चाक फिरवलं. दांडा साडेतीनदा फिरला. बाईंनी पुन्हा फिरवायला लावलं. साडेतीनच.

“हा माझा सेट नाही. आधीचाही नाही,” बाई उठत म्हणाल्या. “आकडा वाढवायच्या ऐवजी उतरवलाय. गाडी मुद्दाम मंद केलीय कुणीतरी.”

प्रीती हाताला लागलेली माती पुसत राहिली. फार वेळ पुसत राहिली.

“प्रीती?”

“आई, दादाला काळजी वाटत होती गं. तुझं डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यात तू आणखी वेग मागतेस. तो गुंडाकाकांना म्हणाला, आई ऐकणार नाही, तुम्हीच बघा काहीतरी.”

“आणि तुला माहीत होतं.”

“आम्हाला वाटलं, तुला कळणार नाही.”

ट्रकची गोष्ट बाईंनी तिला सांगितली नाही. सांगून लेक रडली असती, आणि मग तिलाच समजावत बसावं लागलं असतं.

परत येताना त्यांनी एकही वाहन ओलांडलं नाही. थेट गॅरेजवर गेल्या. गुंडाभाऊंनी त्यांचा चेहरा पाहिला आणि हातातला पाना खाली ठेवला.

“माझा सेट कुठाय?”

त्यांनी फळीवरून पोत्यात गुंडाळलेला सेट काढला. तेल लावून जपून ठेवला होता.

“वहिनी, तुमच्या जीवापायीच केलं. भरतेश लय काकुळतीला आला. शांतिनाथ असतं तर…”

“ते असते तर तुम्ही त्यांच्या गाडीत असं केलं असतं?”

गुंडाभाऊंनी पोतं पुन्हा गुंडाळून सेट त्यांच्या हातात दिला.

“तोंडावर नाही म्हणायचं होतं, भाऊ. ‘वहिनी, मी हे बसवणार न्हाई,’ एवढंच. मी भांडले असते, दुसरीकडं गेले असते. पण तुम्ही माझ्याबरोबर बसून साडेचार ठरवलंत. चहा पाजलात.”

घरी भरतेशनं सारवासारव केली, मग आवाज चढवला, मग माफी मागितली. बाईंनी पोळ्या वाढल्या आणि इतकंच विचारलं, “माझ्या औषधांतही काही बदललंयस का?” तो जेवणावरून उठला.

पुढच्याच आठवड्यात त्या हळूहळू गाडी चालवत साताऱ्याला गेल्या. प्रीतीकडं न जाता औद्योगिक वसाहतीजवळच्या धुळा नावाच्या मेकॅनिकला सेट दिला आणि स्टूल मागून घेऊन तिथंच बसल्या. दुपारी त्यानं जेवून यायला सांगितलं. त्या हलल्या नाहीत. गोळा उघडताना, पिनियन बसवताना, दात जुळवताना, दर वेळी उठून वाकून बघत होत्या.

शेवटी धुळा चिडला. “बाई, माझ्यावर इस्वास न्हाई व्हय?”

“नाही,” बाई म्हणाल्या.

संध्याकाळी यवतेश्वरच्या घाटात त्यांनी गाडी घातली. वळण संपलं की पाय दाबायचा अवकाश, गाडी अंग झाडून पुढं निघत होती. इंजिनाचा आवाज हवा तेवढाच वाढला होता. हिशोब अगदी बरोबर निघाला होता. माथ्यावर थांबल्या तोच फोन वाजला. गुंडाभाऊ होते.

“वहिनी, भरतेश बोलला, सेट बसवाय गेलाय तुम्ही. बसला का? कशी वडतीया?”

कुठल्या वळणाला कुठला गिअर पुरला, हे सगळं बाईंच्या ओठांवर आलं होतं.

“बरी आहे,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.