स्पेन नसलेला पृथ्वीगोल

मी एक जुना पृथ्वीगोल आहे, मित्रांनो. कागदाच्या लगद्याचा, वर छापील नकाशा चिकटवलेला. बल्गेरियाच्या डोंगरातल्या या छोट्या शाळेत मी आलो, तेव्हा वर्गात बसायला जागा पुरत नसे. मला फिरवायला मिळावे म्हणून मुले हमरीतुमरीवर येत. कौतुकाने मी जरा चढूनच गेलो होतो, खोटे कशाला बोलू?

मग गावातली माणसे पोटापाण्यासाठी परदेशी जाऊ लागली. बाके रिकामी झाली. आमच्या रुमेना बाई मात्र तितक्याच हौसेने शिकवत. पडदे ओढायच्या, दिव्याला सूर्य करायच्या, अक्रोडाला चंद्र करायच्या आणि मला हळूहळू फिरवत दिवस-रात्र दाखवायच्या.

"बाई, आता माझ्या आईकडे अंधार पडला का?" कालिनाने एकदा विचारले. तिची आई झ्लातिना स्पेनमध्ये फळबागेत कामाला गेली होती.

"नाही गं. आपल्याकडे सूर्य मावळला, तरी तिच्याकडे अजून दीड-दोन तास उजेड असतो. हे बघ."

तेव्हापासून ती रोज सुट्टीत यायची आणि माझ्यावरच्या स्पेनवर बोट ठेवून उभी राहायची. मला ते फार आवडायचे.

आमच्याकडे कुणी लांब निघाले की त्याच्या पायापुढे पाणी ओततात. वाट सुरळीत जावी, माणूस सुखरूप परत यावा म्हणून. झ्लातिना मात्र पहाटेच, लेक झोपेत असताना निघून गेली. लेक जागी झाली तर आपला पाय निघणार नाही, असे तिला वाटले. त्या गडबडीत कालिनाचे आजोबा पाणी ओतायचेच विसरले. पुढे आईचे फोन कमी कमी होत गेले, तशी ही गोष्ट कालिनाच्या मनात घर करून बसली.

एका दुपारी तिने घरातली तांब्याची कळशी आणली आणि बल्गेरियापासून स्पेनपर्यंत माझ्या अंगावर पाणी ओतले. माझा कागद फुगला, सुटला. स्पेन गळून जमिनीवर पडला आणि त्याचा लगदा झाला.

"अगं ए, समुद्र कमी पडला होता का तुला?" आसेन ओरडला. "बाई, कालिनानं पृथ्वी बुडवली!"

मुले खिदळली. बाई धावत आल्या. त्या रागावणारच होत्या, पण पोरीच्या हातातली कळशी बघून थबकल्या.

"आई निघाली तेव्हा कुणी ओतलंच नव्हतं," कालिना म्हणाली. "आता ओतलं तर चालतं ना, बाई?"

बाईंना ग्रहणे समजावता येत, ऋतू समजावता येत. या वेळी मात्र त्यांनी तिला नुसते पोटाशी धरले आणि मग मला फडक्याने पुसून ठेवले.

ईस्टरला नक्की येते, असे झ्लातिनाने कबूल केले होते. आजोबांनी तिच्यासाठी सणाचे लाल रंगवलेले अंडे राखून ठेवले. ती आली नाही. काही दिवसांनी आजोबा टोपी हातात घेऊन वर्गाच्या दारात उभे राहिले.

"बाई, झ्लातिनानं तिकडंच दुसरा संसार मांडलाय. काल पोरीला सांगितलं मी. रडलीसुद्धा नाही हो. रडली असती तर बरं झालं असतं."

त्यानंतर कालिना माझ्याकडे फिरकली नाही. मी रोज सुट्टीची वाट बघायचो आणि सुट्टी संपायची.

एके दिवशी बाईंनी मुलांना माझ्यावर देश शोधायला लावले. आसेन मला फिरवून फिरवून दमला.

"ए कालिना, स्पेन कुठं होता गं?" त्याने विचारले. या वेळी त्याच्या मनात चेष्टा नव्हती.

बाई त्याला अडवायला गेल्या, पण कालिना उठून आली होती. तिने माझ्यावरच्या पांढऱ्या डागावर बरोबर बोट ठेवले.

"इथं," ती म्हणाली. "पण इथं कुणी राहत नाही."

मित्रांनो, मला जपा, असे मी सांगत बसणार नाही. कागद काय, पुन्हा चिकटवता येतो. पण तुम्ही मोठे व्हाल आणि पोटासाठी लांब जाल. निघताना घरात लेकरू झोपलेले असेल, तर त्याला उठवा. रडू दे, पायाला मिठी मारू दे, गाडी चुकली तर चुकू दे. पण त्याला सांगून निघा.