जुन्या राउटरचं काम

माझं डोकं तापट आहे, हे सातपूर कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळं गोड बोलून सांगणं मला जमायचं नाही. झालं ते सांगतो.

दोन हजार नऊचा उन्हाळा. माझी बायको कुसा न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. साखर इतकी वाढलेली, की डॉक्टर म्हणाले, आधी ती खाली आणा, मग ऑपरेशन. तोवर घरीच, पाठीवर पडून. तिला मागच्या खोलीत ठेवलं, कारण न्हाणी तिकडंच. पुढचं घर आणि ती खोली यांच्या मधे मोकळं अंगण.

संतोष आमचा एकुलता एक. सहा वर्षं झाली, टोरांटोला. दर रविवारी सकाळी साडेआठला त्याचा फोन. "आई, गोळी घेतली का? बरं, ठेवतो." झालं, आठवड्याचं कर्तव्य उरकलं. कुसा मात्र पडल्यापासून एकच घोकत होती, "मला त्याचं तोंड बघायचंय."

कॉम्प्युटरवर तोंड दिसतं, पण इंटरनेट पुढच्या घरात. टेलिफोनची लाइन तिथंच ना! अंगणातून वायर न्यावी, तर घुशींनी आधीच दोनदा कुरतडलेली. संतोषला विचारलं, तर म्हणाला, "नाना, नवीन काहीतरी घेऊन टाका ना." मी चाळीस वर्षं कारखान्यात जळालेल्या विजेच्या मोटारी परत फिरवल्या. उठसूट नवीन घ्या म्हणणाऱ्याचं आणि माझं जमत नाही, मग तो पोटचा का असेना.

मागच्या खेपेला तो आपला जुना राउटर माळ्यावर टाकून गेला होता, फाटक्या बुटांच्या शेजारी. तो काढला, पुसला. बेत असा, की पुढच्या घरातला नवा राउटर इंटरनेट हवेतून सोडणार, जुन्यानं ते कुसाच्या खिडकीत बसून धरायचं आणि तिच्या उशाशी ठेवलेल्या कॉम्प्युटरला वायरीनं द्यायचं. याला ब्रिज म्हणतात. सेटिंगमध्ये तसा पर्यायही सापडला.

तीन दिवस काही केल्या चालेना. चौथ्या दिवशी कळलं, दोघांचा पत्ता एकच होता. एका घरात दोन कारभारी, मग काय होणार? जुन्याचा पत्ता बदलला आणि त्याचा कारभार बंद केला. आता त्यानं फक्त इकडचं तिकडं पोचवायचं. म्हातारपणी माझ्याही वाट्याला तेच काम आलंय, त्यामुळं मला त्याची कीव आली.

रविवारी साडेआठला संतोष दिसला. केस मागे सरकलेले, गाल भरलेले. कुसानं हात पुढं करून काचेवरून फिरवला. "वाळला रं," म्हणाली. कुठून वाळला होता देव जाणे! अर्धा तास बोलली. शेवटी त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "येतो गं आई."

मला त्यात काही वाटलं नाही. दारातून निघताना आपण येतो म्हणतो, जातो म्हणत नाही. त्यालाही तिनंच ते शिकवलेलं.

दुसऱ्या दिवशी तिला आंघोळ घालायला येणाऱ्या लताबाई मला म्हणाल्या, "नाना, संतोष कधी येतोय? बाई त्याची गोधडी धुवायला काढा म्हणत्यात. कुरडयापण तळायला काढून ठेवायला सांगितल्यात."

मी खोलीत गेलो. "अगं, तो निघताना म्हणतात तसं म्हणाला."

"फोनवर कोणी येतो म्हणतं का?" कुसा म्हणाली. "सहा वर्षं ठेवतोच म्हणत आलाय. मला असं पडलेलं बघितलं अन् येतो म्हणाला. तुम्हाला नाय समजायचं."

तिचं बरोबर होतं. फोनवर ठेवतोच म्हणतात. आणि तिचा चेहरा इतका उजळला होता, की मी गप्प बसलो. ती माझी चूक.

गुरुवारी साखर उतरली. डॉक्टर म्हणाले, सोमवारी करून टाकू, आणखी थांबलात तर त्या पुन्हा उभ्या राहतील असं मी सांगत नाही. कुसानं मान हलवली. "संतोष आल्याशिवाय नाय. तो ऑपरेशनच्या दारात उभा पायजे." शुक्रवारी समजावलं, शनिवारी ओरडलो. ढिम्म हलली नाही.

मग पुढच्या घरात जाऊन मी संतोषला फोन लावला. तो हसला. "अहो नाना, ते आपलं तोंडात आलं. रजा कुठाय? दिवाळीचं बघू." मग म्हणाला, "तिला आत्ता सांगू नका. विमानात बसलोय म्हणा. एकदा ऑपरेशन झालं की सांगा."

"तू सांग की तुझ्या तोंडानं," मी म्हणालो.

"मला नाही जमणार, नाना. ठेवतो."

माझं टाळकं सटकलं. आयुष्यभर शिव्या दिल्या असतील, पण त्या बाईशी खोटं बोललो नव्हतो. अंगण ओलांडून गेलो आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. तो येत नाही. म्हणायचं म्हणून म्हणाला.

कुसा छताकडं बघत राहिली. मला वाटलं रडेल. रडली नाही.

"फोनवर लय लांब वाटायचा," ती म्हणाली. "लांबचा माणूस येत नाय, ते समजतं. तुम्ही त्याला इतका जवळ आणून दाखवला. अन् आता सांगताय, येत नाय."

मी दाराकडं वळलो.

"सोमवारी न्या मला," ती म्हणाली. "दारात कोणी नको. तुम्हीसुदा नको."