टॅमरासाठी शिफारसपत्र

टॅमराला सलाइन लावायला शिकवलं होतं वर्लीननं, अलाबामातल्या याच आयसीयूत. म्हणून तर टॅमराचं पुढं जाणं तिला जास्त झोंबायचं.

चार वर्षांत टॅमरा इथून गेली आणि नर्स प्रॅक्टिशनर झाली. सात वर्षं क्लिनिकमध्ये पांढरा कोट, दारावर नावाची पाटी, स्वतः तपासायचं, औषधं स्वतः लिहायची. आता छत्तिसाव्या वर्षी बाईसाहेबांना व्हायचं होतं ऑपरेशनच्या वेळी भूल देणारी नर्स. त्या शिक्षणाला आयसीयूतला ताजा अनुभव लागतो, म्हणून कोट उतरवून ती परत वर्लीनच्या हाताखाली बेडपॅन उचलायला आली. "काय जिद्द आहे पोरीची!" सगळे म्हणायचे. इन्चार्ज म्हणून वर्लीनही म्हणायची, ओठांनी.

वर्लीनलाही एकदा त्याच शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता, हे इथं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच आठवड्यात आईला पक्षाघात झाला. पुढच्या वर्षी बघू, वर्लीन म्हणाली. त्याला एकोणीस वर्षं झाली.

आता इन्चार्ज नर्सचं शिफारसपत्र शुक्रवारपर्यंत पोचायला हवं होतं. त्याशिवाय टॅमराचा अर्ज पुढं सरकणार नव्हता. मंगळवारी ती पीच कॉबलर या गोड पदार्थाचा डबा घेऊन आली.

"लाच का गं?"

"छे हो मिस वर्लीन! लाच द्यायची असती तर आईच्या हातचं आणलं असतं. हे मी केलंय. ही शिक्षा आहे."

वर्लीनला हसू फुटलं, त्याचाही तिला राग आला.

बुधवारी दुपारी चार नंबरच्या पेशंटचा रिपोर्ट आला, पोटॅशियम कमी. वर्लीन आत गेली तर पोटॅशियमची पिशवी टांगलेली, टॅमराचं बोट पंपाच्या बटणावर.

"थांब! ऑर्डर कुणाची?"

"माझी," टॅमरा म्हणाली. आणि लगेच तिचा चेहरा उतरला. सात वर्षं ऑर्डरी तीच लिहीत होती. इथं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय थेंबही सोडायचा नव्हता.

पिशवी उतरवली, डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी तेच औषध सांगितलं, तेवढंच. मेलीचा डोससुद्धा अचूक!

वर्लीन आपल्या खोलीत कॉम्प्युटरवर शिफारसपत्राचा फॉर्म उघडून बसली. 'उमेदवार आपल्या अधिकाराची मर्यादा ओळखते का?' इतक्या भराभर तिनं आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. प्रत्येक शब्द खरा, त्यामुळे मन खातही नव्हतं. पाठवायचं तेवढं राहिलं, तोच दारावर टकटक झाली.

"मिस वर्लीन, चुकांच्या नोंदीत मी लिहून टाकलंय, माझ्या नावानं. तुमची सही लागेल."

"अगं, औषध सुरूच झालं नव्हतं. मी कुठं कुणाला सांगणार होते?" समोरच्या पडद्याकडे न बघता वर्लीन म्हणाली.

"तुम्ही आला नसतात तर मी बटण दाबलं असतं."

वर्लीननं सही केली. मग न राहवून विचारलं, "एवढं बरं चाललं होतं तुझं. कशाला हा उपद्व्याप?"

"क्लिनिकमध्ये पंधरा मिनिटांत माणूस बाहेर काढायचा हो. भूल दिली की एकच माणूस, शुद्धीवर येईपर्यंत आपला. मला तेवढंच हवंय."

एकोणीस वर्षांपूर्वी वर्लीननं आपल्या अर्जात जवळपास हेच लिहिलं होतं.

टॅमरा गेली. मग वर्लीननं लिहिलेलं पुन्हा वाचलं. चूक तशीच ठेवली, आणि खाली भर घातली : ही चूक तिनं स्वतः, कुणी न विचारता नोंदवली, माझ्या हाताखालच्या कुणीही आजवर असं केलेलं नाही. शिफारस करता का, याच्यापुढे 'निःसंकोच' असा पर्याय होता. संकोच तर छातीभर होता. तरी तिनं 'निःसंकोच'वरच खूण केली आणि पाठवून दिलं.

एप्रिलमध्ये टॅमराला प्रवेश मिळाला. वर्लीननं सगळ्यांदेखत तिला घट्ट मिठी मारली. नंतर औषधांच्या खोलीत जाऊन, सकाळीच नीट लावून ठेवलेली सुयांची खोकी तिनं सगळी खाली काढली आणि पुन्हा लावत बसली.