शेवटच्या रिळातलं हसू

टक्.

चमच्याच्या दांड्याने डब्याचं झाकण उचकटलं गेलं आणि सामसूम दुपारी घरात एवढाच काय तो आवाज झाला. पलंगावर झोपलेली छोटी कूस बदलून पुन्हा झोपली. झाकण उघडणारी तिची आई जमिनीवर मांडी घालून बसली होती. तिने आत डोकावलं आणि पटकन नाक मुरडलं. माझ्या अंगाला आंबट वास येतो, व्हिनेगरच्या बाटलीसारखा. माझ्यासारख्यांचं म्हातारपण असंच येतं, आधी वास, मग सुरकुत्या. पुष्कळ वर्षांनी माझ्या अंगावर उजेड पडला होता आणि मला त्या वासाची लाज वाटली.

मित्रांनो, मी चित्रपटाची एक जुनी फीत आहे. आज तुमच्या घरातल्या फोनमध्ये हवे तेवढे चित्रपट मावतात. आमच्या काळी एक चित्रपट उचलायचा तर हमालाची पाठ मोडायची. एका चित्रपटाच्या आम्ही पुष्कळ बहिणी असायचो, प्रत्येकीचं रीळ वेगळं आणि पत्र्याचा डबा वेगळा. मी त्यांतली धाकटी. मला सगळे ‘शेवटचं रीळ’ म्हणत.

आमचा चित्रपट हिंदी होता, हसवणारा आणि प्रेमाचा. गाडी शिकवणारा एक मास्तर असतो आणि त्याच्याकडे एक मुलगी शिकायला येते. मुलीला गाडी छान जमते. पण परवाना मिळाला की शिकवणी संपणार, म्हणून ती दर परीक्षेला मुद्दाम नापास होते. माझ्या वाट्याला गोष्टीचा शेवट आला होता. मुलगी चुकून पास होते. मास्तर तोंड पाडून बसतो. मग ती गाडी मागे घेते आणि थेट त्याच्या शिकवणीच्या फाटकावर नेऊन आदळते. फाटक आडवं होतं, रस्त्यावरची माणसं पोट धरून हसतात, आणि त्या दोघांचं जमतं.

ती रस्त्यावरची माणसं खरीच रस्त्यावरची होती. चित्रपटवाल्यांना उतार हवा होता आणि उताराच्या तळाशी एक फाटक. तसा रस्ता सापडला तेव्हा तिथल्याच रहिवाशांना त्यांनी गर्दी म्हणून उभं केलं. दिग्दर्शकाने सगळ्यांना समजावलं होतं, की फाटक पडलं की हसायचं आणि मी हात खाली केला की थांबायचं. फाटक पडलं. न्हावी हसला, किराणावाला हसला, त्याची सासूसुद्धा हसली. हात खाली आला तसे सगळे शहाण्यासारखे गप्प झाले. एका दारात एक शिवणकाम करणारी बाई उभी होती, गळ्यात मापाची टेप तशीच. तिला मात्र हसू आवरेना. तिने तोंडावर हात धरला, तर हसू बोटांच्या फटींतून बाहेर. डोळे मिटलेले, खांदे गदगदताहेत. कॅमेरा नेमका तिच्यावर होता. दिग्दर्शकाने तो तुकडा तसाच ठेवला.

काही क्षणांचा तो तुकडा माझ्या अंगावर आहे. आवाज मात्र तिचा नाही. गर्दीचं हसू नंतर दुसरीकडे, दुसऱ्याच माणसांकडून भरून घेतलं होतं. तिचं खरं हसणं कसं ऐकू यायचं, ते मलाही ठाऊक नाही.

चित्रपट लागला आणि सपशेल आपटला. एका वर्तमानपत्राने लिहिलं, नायिकेला नापास व्हायला मुद्दाम प्रयत्न करावे लागतात, चित्रपटाला ते न करताच जमलं आहे. मोठ्या शहरांत पहिला आठवडाही धड गेला नाही. पंखे फिरत होते आणि खुर्च्या ऐकत होत्या. आम्हा बहिणींना फार वाईट वाटलं. कुणाला हसवायला म्हणून जन्माला यायचं आणि कुणी हसायचंच नाही, हे दुःख सोपं नसतं.

एका चित्रपटगृहाने मात्र आम्हाला डोक्यावर घेतलं. ते त्याच उताराच्या रस्त्यावर होतं. तिथे लोक नायकनायिकेला बघायला येत नसत, स्वतःला बघायला येत. त्यातही लबाडी अशी, की अर्धी मंडळी बाहेर चहा पीत उभी राहायची आणि माझी पाळी आली की आत घुसायची. दारावरचा माणूस, त्याला सगळे दाढी म्हणत, आधी भांडायचा, मग त्यांच्याबरोबर स्वतःच आत यायचा, कारण फाटकामागे त्याचाही अर्धा कान दिसत होता. न्हावी पडद्यावर आला की शिट्ट्या. किराणावाल्याची सासू आली की जावयाकडे बघून टाळ्या. माझ्या थोरल्या बहिणी रिकाम्या खुर्च्यांपुढे पळायच्या आणि मी भरलेल्यांपुढे. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

तिथला ऑपरेटर, म्हणजे यंत्रावर आम्हाला चढवणारा माणूस, त्या शिवणकाम करणाऱ्या बाईचा नवरा होता. अबोल माणूस. पण मला हातात घेताना आधी हात पुसायचा. ती मांडीवर तान्ही मुलगी घेऊन शेवटच्या रांगेत, त्याच्या खोलीच्या झरोक्याखाली बसायची. तिचा चेहरा पडद्यावर आला की तो झरोक्याच्या काचेवर दोनदा बोट वाजवायचा आणि ती मान वर न करता म्हणायची, “पुरे आता.” एकदा ती वर खोलीत जेवणाचा डबा द्यायला आली तेव्हा तो मला गुंडाळत होता. ती म्हणाली, “लोक माझं तोंड बघायला तिकीट काढतात. तुम्हाला घरी फुकट दिसतं, तर मान वर करायला सवड नाही.” मला गुंडाळणारा हात थांबला, आणि त्याने मान वर केली.

पुढे रस्त्यालाही आमचा कंटाळा आला. माझ्या बहिणी परत गेल्या. शेवटचं रीळ फाटलंय, पाठवण्यासारखं नाही, असं ऑपरेटरने कळवलं. आपटलेल्या चित्रपटाच्या एका रिळासाठी कोण वाद घालणार? मी त्याच्या खोलीतल्या फळीवर राहिले.

त्याच वर्षी ती बाई तापाने आजारी पडली. शिवायला आलेले कपडे घरात पडून होते आणि लोक निरोप पाठवत होते, की सावकाश दे, घाई नाही. ती त्यातून उठली नाही. मुलगी तेव्हा भिंत धरून उभी राहायला शिकत होती.

तिचे फोटो होते दोनच. एक लग्नातला, त्यात ती खाली बघते आहे. दुसरा कुठल्याशा ओळखपत्राचा, त्यात ती घाबरलेली आहे. हसणारी ती फक्त माझ्याकडे होती.

आता सांगते ते सांगताना अजून माझ्या अंगाला चटका बसतो. मित्रांनो, यंत्रात आमच्यामागे फार प्रखर दिवा असतो. त्याच्यासमोरून एकेक चित्र डोळ्याचं पातं लवायच्या आत पुढे सरकतं, म्हणूनच आम्ही वाचतो. थांबलो की जळतो. यंत्र बंद पडलं तर दिव्यापुढे पत्र्याची झडप आपोआप पडते, ती आमच्याच जिवासाठी. ऑपरेटरची उमर या कामात गेली होती. नवीन माणसाला तो पहिलं वाक्य हेच शिकवायचा, की बाबा रे, काहीही कर पण फीत दिव्यासमोर उभी करू नकोस.

एका दुपारी खेळ नव्हता. मुलीला शेजारी सोडून तो आला आणि रिकाम्या चित्रपटगृहात त्याने एकट्यासाठी मला लावलं. फाटक पडलं, लोक हसले, ती हसली, गेली. त्याने मला मागे गुंडाळलं आणि पुन्हा लावलं. ती हसली, गेली. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा तिचा चेहरा आला आणि त्याने यंत्र थांबवलं. झडप पडू लागली, ती त्याने बोटाने वर धरली.

पडद्यावर ती थांबली. एक श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ ती खरंच थांबली, त्याच्यासाठी. मग तिच्या गालावर एक तपकिरी डाग उमटला. तो पसरला, फुगला, आणि पडदा पांढरा झाला.

त्याने मला सोडवलं तेव्हा त्याची बोटं भाजली होती. एका चित्रात चेहऱ्याच्या जागी भोक पडलं होतं. एवढा तुकडा कापायचा आणि दोन्ही टोकं सांधायची, हे त्याचं रोजचं काम. त्याने कात्री घेतली आणि ठेवली. पुन्हा घेतली, पुन्हा ठेवली. शेवटी मला तसंच गुंडाळून त्याने डब्यात घातलं आणि झाकणाला चिकटपट्टी लावली. त्यानंतर मला उजेड दिसला नाही. चित्रपटगृह बंद पडलं, घरं बदलली, मी एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर गेले. मुलगी मोठी झाली आणि आईच्या त्या चित्रपटाबद्दल विचारू लागली. माझ्या डब्यापर्यंत तिचा आवाज यायचा. दरवेळी तो सांगायचा, सगळी रिळं परत गेली.

तीच मुलगी आज मला मांडीवर घेऊन बसली होती. वडिलांना आपल्याकडे राहायला आणलं, त्यांचं सामान लावता लावता डबा हाती लागला. तिने मला बोटभर उलगडून खिडकीकडे धरलं, आणखी उलगडलं, आणि फाटक दिसलं तेव्हा हे आईचंच रीळ आहे, हे तिला उमगलं.

वडील दारात येऊन उभे होते. मी त्यांना हातांवरून ओळखलं, चेहरा फार बदलला होता. ती ओरडली नाही, छोटी झोपली होती ना. हलक्या आवाजातच म्हणाली, “बाबा, किती वेळा विचारलं मी तुम्हाला.”

“हो.”

“आई कशी हसायची, एवढंच मागत होते मी. तुम्ही माळ्यावर ठेवून दिलीत तिला.”

म्हातारा चौकटीला धरून उभा राहिला. मग म्हणाला, “तुला काय दाखवणार होतो, बाळा? भोक?”

आणि त्याने तिला ती दुपार सांगितली. सांगताना तो आपल्या बोटांकडे बघत होता. तिने उठून त्याच्यासाठी पाणी आणलं, पण ते हातात न देता समोर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती मला जुन्या फिती दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे घेऊन गेली. तो भला होता. त्याने माझी सुरकुतलेली कड अंगठ्याने चाचपली, कडेची भोकं मोजपट्टीवर धरली आणि मान हलवली. ही आकसली आहे, म्हणाला. यंत्राचे दात आता हिच्या भोकांत बसणार नाहीत. चढवली तर फाडून टाकतील. हवं तर एकेका चित्राचा फोटो काढून देतो, जितके निघतील तितके, पण ते वेडेवाकडे आणि मधले गाळून निघतील, एकामागे एक जोडून चालवता येणार नाहीत. तिने विचारलं, म्हणजे हसताना दिसेल का? तो म्हणाला, हसलेली दिसेल, ताई. हसताना दिसणं आता अवघड.

ती रस्ताभर मला छातीशी धरून आली. तिला एवढंच हवं होतं, की आईच्या खांद्यांची ती थरथर एकदा डोळ्यांपुढे यावी. आणि ते देणं माझ्या हातात उरलं नव्हतं. मला हलायलाच तर बनवलं होतं.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं काही असेल तर ते वेळेवर उघडा. वारा द्या, पुसून ठेवा. दुःख होईल म्हणून ज्या वस्तूवर झाकण लावतो, ती आत राहून बरी होत नाही. ती आकसत जाते. मला रोज उजेड नको होता. पण मुलगी सहा-सात वर्षांची असताना कुणी एकदा मला पडद्यावर धावू दिलं असतं, भोकासकट, तर तिने ते भोक डोळ्याआड केलं असतं. मुलं करतात तसं.

मी हे म्हणते, कारण पुढचं मी पाहिलं. घरी आल्यावर तिने मला खिडकीच्या काचेवर आडवं धरलं. छोटीला जाग आली होती, ती खुर्चीवर चढली. आजोबा खिडकीलगतच्या दुसऱ्या खुर्चीत, जरा बाजूला बसले होते. ही कोण, असं छोटीने विचारलं. आई म्हणाली, तुझी आजी. मग ते इवलंसं बोट माझ्यावरून एकेक चित्र पुढे सरकू लागलं. इथे आजी आहे. इथे पण आहे. इथे हात तोंडावर. इथे डोळे मिटले.

बोट भोकाशी आलं. म्हाताऱ्याने मान फिरवली. छोटीने भोकाला डोळा लावला, मला ओढून आजोबांकडे वळवलं आणि म्हणाली, “आजोबा, यातून तुम्ही दिसता.” आणि बोट पुढे निघालं, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मुलीने ते पाहिलं. एका हाताने मला सांभाळत ती त्याच्या खुर्चीपाशी सरकली आणि दुसरा हात तिने त्याच्या खांद्यावर ठेवला.

इथे आजी आहे. इथे पण. इथे पण. मग तुकडा संपला. पुढच्या चित्रात नायिका होती, रिकामा रस्ता होता, पडलेलं फाटक होतं. छोटीचं बोट थांबलं. ते एक चित्र मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. तिने मला उलटं करून पाहिलं, पाठीमागेही कुणी नव्हतं.

“आई, इथपर्यंत आजी आहे,” ती म्हणाली. “मग इथून ती कुठे गेली?”